कानात काही घालण्याआधी



स्मृतिव्याख्यानाला माणसं मोठा विषय ऐकायला येतात. इतिहास, शेती, पाणी, समाजकारण. मी आज कानाच्या दुखण्यांबद्दल बोलणार आहे, आणि हा विषय त्यांतल्या कुठल्याही विषयाहून लहान नाही असं माझं मत आहे. वर्गात ज्या मुलाला मास्तरांचं अर्धंच बोलणं ऐकू येतं, त्याच्या वाट्याला इतिहासही अर्धा येतो आणि गणितही अर्धंच येतं. ज्या म्हातारीला घरातलं बोलणं कळेनासं होतं, ती भरल्या घरात एकटी पडते. आणि यातलं पुष्कळसं टाळता येण्याजोगं असेल तर? तसं ते आहे, हेच मला आज दाखवायचं आहे. माझं म्हणणं एका वाक्यात मावतं: कानात काही घालण्याआधी कानात पाहिलं पाहिजे. आपल्याकडे उलटं चालतं. कान दुखला, घाला तेल. कान खाजला, घाला काडी. कान वाहिला, आणा मेडिकलमधून थेंब. घालायची घाई सगळ्यांना, पाहायची सवय कुणालाच नाही. या उलट्या क्रमापायी काय काय हातचं जातं, ते आपण क्रमानं पाहू. आधी प्रश्नाचा आवाका, मग कानाची रचना, मग नेहमीच्या तक्रारी, त्यानंतर तुमच्या मनात येणारे आक्षेप, आणि शेवटी आपल्या हाती काय आहे ते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली श्रवणाविषयीचा पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटींना उपचाराची किंवा यंत्राची गरज आहे, असा त्यातला अंदाज आहे. आकडा प्रचंड आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद: मुलांमधला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोग्या कारणांनी येतो. कोणती ही कारणं? गोवर, रुबेला, मेंदूज्वर यांसारखे आजार, बाळंतपणातली गुंतागुंत, कानाला अपाय करणारी काही औषधं, आणि वर्षानुवर्षं वाहत राहिलेला कान. बहिरेपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जन्मजात बहिरं मूल येतं. तो बहिरेपणा आहेच, पण भारतातल्या पाहण्यांमध्ये कानातला मळ, वाढतं वय आणि मधल्या कानाचे आजार ही कारणं त्याच्या कितीतरी पुढे दिसतात. मळ काढता येतो. वाहणारा कान कोरडा करता येतो. फाटलेला पडदा दुरुस्त करता येतो. मग ज्याला आपण नशीब म्हणून स्वीकारलं, त्यात नशीब किती आणि उशीर किती?

हे समजायला कानाची रचना थोडी माहीत हवी. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. पुढे पडवी, मग माजघर, आणि अगदी आत देवघर. बाहेरून दिसणारं कानाचं भोक ही पडवी. ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आणि तिच्या टोकाला पडदा. हा पडदा सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर असलेली एवढी नाजूक गोष्ट, आणि आपण काडेपेटीची काडी, केसाची पिन, गाडीची चावी घेऊन तिच्या दिशेनं निघतो. पडद्याच्या मागे माजघर, म्हणजे मधला कान. तिथे शरीरातली सगळ्यांत लहान तीन हाडं आवाज पुढे पोचवतात. या माजघराला एक परसदार आहे, आणि ते नाकाच्या मागे, घशात उघडतं. हे परसदार म्हणजे एक नळी. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. लहान मुलात आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी. म्हणून मुलाचा कान फुटतो तो बहुतेक वेळा आंघोळीचं पाणी गेल्यानं नव्हे, तर सर्दीचे जंतू या मागच्या दारानं वर चढल्यानं. आणि देवघर म्हणजे आतला कान. तिथल्या आवाज टिपणाऱ्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि मोठा आवाज त्यांना मारतो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याची मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबानं १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. वरातीतल्या डीजेसमोर आपली मुलं किती तास नाचतात, याचा विचार प्रत्येकानं आपापल्या घरी करावा.

आता माझ्या युक्तिवादाचा गाभा. पडवी, माजघर, देवघर, या तिन्ही जागांच्या आजारांची तक्रार बाहेरून सारखीच असते, उपचार मात्र परस्परांच्या उलट असतात. पहिली तक्रार घ्या: ठणका. रात्री दोन वाजता रडत उठलेल्या मुलाच्या कानात बहुधा मधल्या कानाची सूज असते. तिथे वेदना कमी करणारं साधं औषध द्यावं आणि डॉक्टरांनी पडदा पाहून पुढचं ठरवावं. दोन वर्षांवरचं मूल पुष्कळदा दोन-तीन दिवसांत प्रतिजैविकाशिवायही बरं होतं. त्याहून लहान मूल, तीव्र ताप किंवा वाहणारा कान असेल तर प्रतिजैविकाची गरज बहुधा पडते. पण तोच ठणका पडवीतल्या केस्तुडामुळेही असतो. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाला रात्रीची झोप उडवणारा ठणका लागला, तर तो हाडापर्यंत पोचणारा घातक संसर्ग असू शकतो. आणि कधी कान अगदी निरोगी असतो, दुखणं दुसरीकडचं असतं. दाढ किडलेली असते, टॉन्सिल सुजलेले असतात. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्या माणसाचा एक कान आठवडेच्या आठवडे दुखतो आणि कानात काहीच सापडत नाही, तेव्हा जिभेच्या मुळाशी आणि घशात पाहावं लागतं, कारण तिथल्या कर्करोगाची कळ कानात उमटते. अशा माणसाच्या कानात महिनाभर लसणाचं तेल सोडत राहिलो, तर तेलानं अपाय केला असं नाही म्हणता येणार. पण तो महिना गेला, त्याचं काय?

दुसरी तक्रार: कानाला दडा बसणे. सर्वांत साधं कारण मळ. मळ ही घाण नव्हे. तो कातडीचं रक्षण करतो आणि बोलण्या-चावण्याच्या हालचालीनं आपोआप बाहेर सरकतो. आपण कापूस लावलेली काडी घालतो तेव्हा थोडा मळ बाहेर येतो आणि उरलेला पडद्याकडे ठासला जातो. आंघोळीत पाणी गेलं की तो फुगतो आणि कान एकदम बंद होतो. उपाय सोपा: मऊ करणारे थेंब काही दिवस, मग दवाखान्यात शरीराच्या तापमानाइतक्या कोमट पाण्याची पिचकारी. गार पाण्यानं चक्कर येते, आणि पडद्याला छिद्र असेल तर पिचकारी मारायचीच नसते. पण याच तक्रारीमागे दुसरा एक आजार लपतो. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद, सोबत आत सूं-सूं आवाज, कधी चक्कर. पाहावं तर मळ नाही, पडदा स्वच्छ. ही आतल्या कानातली ऐकण्याची नस एकाएकी कमजोर झाल्याची खूण असते, आणि ती तातडीची बाब आहे. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर ऐकू परत येण्याची शक्यता असते. आठवडे लोटले की ती झपाट्यानं घटते. मळ पंधरा दिवस थांबू शकतो, नस थांबू शकत नाही. रुग्णाला दोन्हींत जाणवतं ते एकच, दडा. फरक कळतो तो पाहिल्यावरच.

तिसरी तक्रार आपल्या केज भागात सर्वांत ओळखीची आणि सर्वांत दुर्लक्षित: कान वाहणे. सर्दी झाली, ठणका लागला, पडदा फुटून पू आला आणि ठणका थांबला. घरच्यांना हायसं वाटतं. अशी नवी फूट बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते. पण दोन आठवडे उलटूनही कान वाहत राहिला, तर तो जुना आजार धरावा. कोणत्याही समाजात चार टक्क्यांहून अधिक लोकांना हा आजार असेल, तर तो तातडीनं हाताळण्याचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. या आजाराचेही दोन प्रकार. एकात पाणी भरपूर येतं, चिकट असतं, फारसा वास नसतो. पडद्याच्या मध्यभागी छिद्र असतं. दुसऱ्यात पाणी थोडं येतं पण दुर्गंधी असते, कधी रक्ताचा अंश असतो. पडद्याच्या कडेला आत ओढलेल्या कातडीचा गोळा साचतो आणि तो हळूहळू हाड खात जातो. आपली समजूत काय? जास्त वाहतं ते गंभीर, थोडं वाहतं ते किरकोळ. वस्तुस्थिती बरोबर उलटी असू शकते. थोडं वाहणारा, घाण वास येणारा कान शेवटी चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो. कान वाहणाऱ्या माणसाला कानामागे सूज आली, तोंड वाकडं झालं, गरगरू लागलं, किंवा तापासोबत तीव्र डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

यातल्या पहिल्या, साध्या प्रकारावर उपचारही साधा आहे, म्हणून त्याची हेळसांड अधिक बोचते. स्वच्छ सुती कापडाची किंवा टिश्यूची वात करून ती हलक्या हातानं कानात धरायची, ओली झाली की बदलायची, वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात, आणि पडदा भरेपर्यंत विहिरीत उडी बंद. हे कोणतीही आई करू शकते, आशाताई शिकवू शकते. पण थेंब कोणते, हे पाहणाऱ्यानंच ठरवायला हवं. पडद्याला छिद्र असताना काही प्रकारचे थेंब आत उतरून आतल्या कानाला इजा करू शकतात. प्रतिजैविकाचे थेंब मनानंच महिनोन्‌महिने घातले, की ओलसर कानात बुरशी धरते. मग खाज वाढते, दडा बसतो, आणि आपण तेच थेंब पुन्हा आणतो. छिद्र भरत नसेल तर शस्त्रक्रियेनं नवा पडदा बसवता येतो. हाड खाणाऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेला पर्यायच नसतो.

चौथी तक्रार अशी की ती कुणी करतच नाही. मधल्या कानात नुसतं पाणी साचून राहतं. दुखत नाही, वाहत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर तिसऱ्यांदा वळतं, वर्गात मागे पडतं. आपण म्हणतो, लक्ष नाही, हट्टी आहे. हे पाणी पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. ओसरलं नाही तर तपासणी आणि उपचार लागतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचं तर घड्याळच वेगळं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार किंवा यंत्र, हा जगभर मानलेला क्रम आहे, कारण भाषा शिकण्याची मेंदूची पहिली वर्षं पुन्हा मिळत नाहीत. जवळच्या नात्यात लग्न झालं असेल, किंवा घराण्यात कुणी जन्मजात बहिरं असेल, तर ही चाचणी मुळीच चुकवू नये. आणि म्हातारपणी कमी ऐकू येणं सोसत बसण्याचं कारण नाही. टाळता येण्याजोग्या ज्या कारणांनी स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढते, त्यांत कमी ऐकू येण्याचा समावेश आता संशोधक करतात. यंत्र लावायला लाजणाऱ्या आजोबांना घरच्यांनी हे सांगायला हवं.

आता आक्षेप. पहिला: आमच्या आज्या-पणज्यांनी तेलच घातलं, कुणाचं काय बिघडलं? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. तेलानं मळ मऊ होतो. कानात किडा शिरून फडफडू लागला, तर पडदा शाबूत असलेल्या कानात खोबरेल सोडून तो मारणं हा मान्य उपाय आहे. म्हणजे तेल वाईट नाही. पण पडदा शाबूत आहे हे तेल घालणाऱ्याला कसं कळलं? शाबूत असेल तर तेल पडवीतच राहतं. फुटलेला असेल तर ते माजघरात उतरतं आणि सोबत जंतू नेतं. ज्यांचं काही बिघडलं नाही त्यांची आठवण घरात राहते; ज्यांचं बिघडलं, त्यांच्याविषयी आपण म्हणतो, तो लहानपणापासूनच बहिरा. बाळाच्या कानात तेल घालण्यामागची माया मला मान्य आहे. टाळू भरा, अंग चोळा. कानाला मात्र तेलाची गरज नाही. आणि खेळताना मुलानं कानात हरभऱ्याचा किंवा तुरीचा दाणा घातला, तर पाणीही घालू नका, कारण दाणा फुगतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटनासारखा सेल गेला असेल, तर काही न घालता त्याच तासाला निघा; तो काही तासांत आतली कातडी जाळतो.

दुसरा आक्षेप: कान वाहणं वयाबरोबर थांबतं. हेही अर्धसत्य आहे. वय वाढतं तशी ती मागची नळी लांब आणि उतरती होते, सर्दी कमी होते, आणि पुष्कळांचं वाहणं खरंच थांबतं. पण वाहणं थांबलं म्हणजे ऐकू आलं असं होत नाही. छिद्र तसंच राहू शकतं, हाडांची साखळी तुटलेली राहू शकते. आणि तोवर काय निघून गेलं? सहा ते चौदा हे वय. पाढे, वाचन, स्पर्धा, आत्मविश्वास सगळं याच वयात घडतं. कान पुढे बरा झाला तरी ती वर्षं परत येत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे: तुम्ही म्हणता पाहा, पण पाहणार कोण आणि कुठे? केज, धारूर, वडवणी भागातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. कोयता थांबला की पैसे कापले जातात. थंडीचे महिने, फडाशेजारची कोपी, चुलीचा धूर, दाटीवाटी, धूळ. मुलांच्या कानाला जे जे वाईट, ते सगळं एकत्र. अशा आईला मी थेंबांवर व्याख्यान कसं देऊ? खरं आहे. हा गरिबीचा आजार आहे. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात, उत्तम रुग्णालयं असूनही, तिथल्या आदिवासी मुलांमध्ये कान वाहण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. दाटीची घरं आणि सेवेपर्यंत न पोचणारे हात, हीच त्याची मोठी कारणं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? गरिबी हटेपर्यंत कान वाहू द्यायचे? नाही. निष्कर्ष असा, की पाहणं लोकांपर्यंत गेलं पाहिजे, आणि ते त्यांच्या वेळापत्रकानं गेलं पाहिजे.

आणि त्यासाठी नवं काही शोधायचं नाही. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ साली सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कानाचं प्रशिक्षण देणं आणि केंद्राला ऑटोस्कोप, म्हणजे भिंग आणि दिवा असलेली कान पाहायची दुर्बीण पुरवणं, हे त्याच्या आराखड्यातच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्यानुसार अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी व्हायची असते, आणि वाहता कान व कमी ऐकू येणं हे त्यात मोडतं. केजला उपजिल्हा रुग्णालय आहे. शेजारी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जे ग्रामीण भागासाठीच उभं राहिलं. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. बालकांच्या लसीकरणात गोवर-रुबेला आणि न्यूमोकोकल लस आहे; त्या लसी हा कानाचा पहिला उपचार आहे. साधनं आहेत, पण ती एकमेकांना आणि हंगामाला जोडलेली नाहीत. शाळेची तपासणी डिसेंबरात झाली तर ज्या मुलाला तिची सर्वाधिक गरज, ते त्या दिवशी सांगली-कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडात असतं.

म्हणून समारोपात चार गोष्टी सांगतो. एक: कानात तेल, काडी, थेंब काहीही पाहिल्याशिवाय घालायचं नाही, आणि बाजारात कान कोरून देणाऱ्यापुढे बसायचं नाही. दोन: दोन आठवड्यांहून अधिक वाहणारा कान, अचानक बंद पडलेला कान, आणि कानात काही सापडत नसताना दुखत राहणारा कान, या तिन्हींसाठी तज्ज्ञाकडे जायचंच. तीन: केज तालुक्यातल्या प्रत्येक शाळेतली आणि अंगणवाडीतली कानतपासणी कुटुंबं निघण्याआधी, दसऱ्याच्या आत पुरी व्हावी, हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची तिथे पुन्हा व्हावी, आणि जी मुलं सोबत जातात त्यांच्या आईच्या हाती औषध, वात करण्याची पद्धत आणि तपासणीचा कागद द्यावा. चार: पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात ऑटोस्कोप आहे का, त्याचे सेल चालू आहेत का, आणि गेल्या महिन्यात त्यातून किती मुलांचे कान पाहिले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याच्या पुढच्या सभेत तोच प्रश्न परत विचारा.